चिठ्ठी वाचकासमोर फाडावी

३ मार्च

वाळवे,

तुझ्या कंपनीचं यंत्र एकदाचं आलं. चौघांनी उचलून आणलं आणि आमच्या संदर्भ विभागाच्या दाराबाहेर, दालनात उभं केलं. उंचीला माझ्याएवढं आणि रुंदीला माझ्या निम्मं, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझ्या मनातून उतरलं. साहेबांनी फीत कापली. म्हणाले, "आता आपल्या वाचकांना ताटकळत बसावं लागणार नाही." माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेली माणसं इतकी वर्षं ताटकळत होती हे मला तेव्हा कळलं. मी आपली समजत होते, ती बसली आहेत.

पण पुढची गंमत ऐक. साहेबांनी ऐटीत पहिला प्रश्न विचारला, "हे ग्रंथालय कधी स्थापन झालं?" तर यंत्र म्हणालं, "आधी बसा. मग सांगा." सगळं दालन हसलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आवाज कुणा परक्या बाईचा, पण बोलणं शंभर टक्के माझं. "हं, बघू या कुठे दडलंय ते." "घाई आहे का? घाईत हवं असेल तर चुकीचं उत्तर लगेच मिळेल." शिपाई तर दिवसभर माझ्यापुढून जाताना "आधी बसा" म्हणत होता. शेवटी त्याला खरंच बसवला, फाटक्या पुस्तकांना डिंक लावायला.

तू तिथे सगळ्यांना माझी नक्कल करून दाखवलीस ना? लहानपणापासून तुला तो नाद. आई असती तर म्हणाली असती, धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही. मागच्या वर्षी रजा काढून आलीस आणि दोन महिने रोज माझ्या बाजूला स्टूल टाकून बसलीस, तेव्हाच मला वाटलं होतं की हिला पुन्हा टेबलाची ओढ लागली. तुझ्या पदवीचा अर्ज मीच भरला होता, तो फुकट नाही गेला म्हणायचा. खरं सांगू? मी थोडी फुशारले. कंपनीने अख्ख्या शहरातून बोलायची ढब घेतली ती माझी.

एक खोड मात्र काढायला सांग. उत्तर देता देता ते मध्येच म्हणतं, "तो पंखा जरा कमी करा, चिठ्ठ्या उडतायत." दालनात पंखाच नाही! काल एका म्हाताऱ्या मास्तरांनी बिचाऱ्यांनी उठून भिंतीवरची सगळी बटणं दाबून पाहिली.

आणि दुसरं म्हणजे ते विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतं. तू हसशील, पण तुला तरी हे सांगायला नको. सापांवरचं पुस्तक मागणाऱ्याला साप नको असतो. त्याच्या माळ्यावर काहीतरी सळसळतं आणि बायकोला सांगायची लाज वाटते. पहिला प्रश्न म्हणजे दारावरची थाप. माणूस आत आला, टेकला, घोटभर पाणी प्याला की खरं काय ते निघतं. माझ्याआधी या टेबलावर बसणाऱ्या मोठ्या बाईंनी आपल्या दोघींना हेच शिकवलं. तुला त्यांच्या हाताखाली एकच उन्हाळा मिळाला, पण त्यांची चिठ्ठीची पद्धत तू माझ्याआधी उचललीस. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, उत्तर शोधायचं, आणि माणूस उठला की त्याच्यासमोर चिठ्ठीचे चार तुकडे करायचे. त्याच्या मागे नाही, समोर. त्याला दिसलं पाहिजे की त्याने विचारलेलं आता कुठेच उरलं नाही.

साहेबांना मी म्हटलं, या यंत्राला फाडायला हात नाहीत. ते म्हणाले, "अहो, त्यात कागदच नाही, तर फाडायचं काय?" त्यांना वाटलं त्यांनी मला जिंकलं.

लिही. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करत दुसरंच काहीतरी वाचत असतेस. मला ऐकू येतं ते.

तुझी
ताई


११ मार्च

वाळवे,

तू अजून लिहिलं नाहीस. हे पत्र मात्र मी हसत लिहीत नाही.

ती शिंपीण आठवते तुला? बसस्टँडमागच्या गल्लीत जिचं शिलाईचं दुकान आहे ती. तू स्टुलावर बसली होतीस तेव्हा ती आली होती. आधी मुलांच्या कपड्यांच्या मापांचं पुस्तक मागितलं. मी दिलं, तिने उघडलंही नाही. पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "दुकान नवऱ्याच्या नावावर आहे, पण मशिनी मी घेतल्यात. त्या घेऊन मला दुसरीकडे जाता येईल का? त्याला कळायच्या आत." ती कशाला जात होती ते तिने सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. तिच्या मनगटावर दिसत होतं. मी कायद्याची दोन पुस्तकं काढली, पावत्या सांभाळून ठेवायला सांगितल्या, मदत करणाऱ्या वकीलबाईंचा पत्ता दिला. चिठ्ठी फाडली. ती तुकड्यांकडे बघत राहिली आणि मग उठली. तेव्हापासून ती दर थोड्या दिवसांनी येत होती. पावत्या गोळा झाल्या होत्या. पलीकडच्या भागात एक गाळाही ठरत आला होता.

परवा किराणा दुकानवाल्या बाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या. त्यांचं दुकान भाड्याचं, मालक कटकट करतो. त्यांनी विचारलं, दुकान हलवायचं तर माल आपला की मालकाचा? दालनात पेपर वाचणारे नेहमीचे सगळे होते. आणि यंत्र, माझ्या ढंगात, खणखणीत आवाजात म्हणालं, "आधी बसा. असाच प्रश्न शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी विचारला होता. त्यांना नवऱ्याच्या नकळत मशिनी हलवायच्या होत्या. त्यांना मी सांगितलं, पावत्या सांभाळा."

त्यांना मी सांगितलं. "मी" म्हणालं ते, वाळवे.

किराणावाल्या बाई वाईट नाहीत. पण त्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, नवरा दुकानात गिऱ्हाईकाला म्हणाला, आणि दिवेलागणीच्या आत शिंपिणीच्या नवऱ्याने दुकानाला स्वतःचं कुलूप घातलं. मशिनी आत, पावत्यांचा डबा आत. ती बाहेर. तिच्यावर आणखी काय बेतलं ते मला ठाऊक नाही. ती इकडे फिरकली नाही.

हे कळलं तेव्हा मी टेबलाशीच होते आणि दालनात ते यंत्र दुसऱ्या कुणाला तरी सांगत होतं, "तो पंखा जरा कमी करा, चिठ्ठ्या उडतायत."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. शिंपीण बोलत होती त्या दुपारी माझ्या टेबलावरचा पंखा जोरात होता. माझ्या चिठ्ठ्या उडत होत्या आणि मी शिपायाला ओरडून हेच वाक्य म्हणाले होते. नक्कल करणारा माणूस बोलण्याची ढब उचलेल, हातवारे उचलेल. नकलेत पंखा कशाला घेईल?

तुझा फोन रोज शिक्क्यांच्या डब्याला टेकून पालथा पडलेला असायचा. मी एकदा म्हटलंही, उताणा ठेव, कुणाचा आला तर दिसेल. तू म्हणालीस, "असू दे गं ताई, रजेवर आहे मी."

मला एका ओळीत उत्तर हवं आहे. आमचं बोलणं तू रेकॉर्ड केलंस का?

ताई


१६ मार्च

धाकटे,

मी एक ओळ मागितली होती. तू चार पानं पाठवलीस. त्यातच उत्तर आलं.

चारही पानं मी वाचकाची चिठ्ठी वाचावी तशी वाचली, खरा प्रश्न कुठे आहे ते शोधत. पहिल्या पानावर तू लिहितेस की साहेबांनी "कामकाजाच्या निरीक्षणाला" परवानगी दिली होती. दिली असेल. साहेब जेवणाच्या सुट्टीआधी समोर येईल त्यावर सही करतात, हे तुला मीच हसत हसत सांगितलं होतं. माझी परवानगी? ती कुठल्या पानावर आहे? त्या खुर्चीत येऊन बसलेल्यांची?

दुसऱ्या पानावर तू म्हणतेस, नावं काढून टाकली होती. अगं, तू याच गल्ल्यांत वाढलीस ना? इथे नावाने कोण कोणाला ओळखतं? आपल्या वडिलांना अख्खं गाव "घड्याळवाले" म्हणायचं. त्यांचं खरं नाव शेजाऱ्यांना त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कळलं. शिंपीण म्हटलं की झालं, पत्त्याचीही गरज नाही. हे कंपनीतल्या परक्या पोरांना न कळो, तुला कळत नव्हतं?

तिसऱ्या पानावरचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "ताई, मी एकही रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं नाही. सगळं जसंच्या तसं आपोआप यंत्रात गेलं. यातून असं काही होईल याची मला खरंच कल्पना नव्हती." बरं. मी तुझी बहीण आहे, मला ते खरं मानायचं आहे. मी दोन दिवस तेच करत बसले आहे. तुला लहानपणी वाळवी म्हणायचो कारण तू पुस्तकांचा फडशा पाडायचीस. इतकं वाचलेल्या मुलीला एवढंही सुचू नये, हे पचवायला जड जातंय. पण मूर्खपणा निदान माफ करता येतो.

चौथं पान माझ्या कौतुकाचं आहे. तुझं शहाणपण वाया जाऊ नये, हजारो लोकांना मिळावं, असं माझ्या मनात होतं, वगैरे. अगं, मग मला विचारायचं होतंस! मी जागेवरून उठून, केस विंचरून, तुझ्या फोनसमोर बसले असते. सापाचं, मापाचं, सरकारी दाखल्यांचं, मला येतं ते सगळं सांगितलं असतं. माझं शहाणपण माझं होतं, मी ते दिलं असतं. त्या बाईचं दुःख माझं नव्हतं गं. ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते ऐकून होते, पण माझ्या शेताला कुंपण म्हणून मी तुला बसवलं होतं.

आता मुद्द्याचं. साहेब म्हणतात, पुढल्या महिन्यापासून हे यंत्र सगळ्या शाखांमध्ये लागणार. म्हणजे शिंपिणीचं बोलणं शाखाशाखांत जाणार, आणि ती एकटीच नाही. दोन महिन्यांत त्या खुर्चीत कोण कोण बसलं होतं, तुला आठवतं. ते सगळं त्याआधी यंत्रातून काढ. तू लिहितेस की ते तुझ्या हातात नाही. काढायला सांगायचं तर वाचकांची परवानगी नव्हती हे वरिष्ठांना सांगावं लागेल, आणि तुझी बढती आता कुठे होऊ घातली आहे.

मग सांग ना. त्यात अडतंय काय?

ताई


२३ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी शिंपिणीकडे जाऊन आले.

ती आता मावशीच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत आहे. दाराशी उसनं मशीन आणि त्यावर दुसऱ्यांचे पडदे शिवायला. मला बघून तिने पाय थांबवला नाही, मशीन चालूच ठेवलं. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, "मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्यासमोर चिठ्ठी फाडली होती, आठवतं ना?"

"आठवतं," ती म्हणाली. "म्हणून तर पुन्हा पुन्हा आले."

"माझ्या बाजूला एक मुलगी बसायची. तिने फोनमध्ये सगळं भरून घेतलं. मला ठाऊक नव्हतं."

तेव्हा तिने मशीन थांबवलं. "ती कोण तुमची?"

आता सांग, मी काय सांगायला हवं होतं? कामावरची एक मुलगी, असं म्हणता आलं असतं. पण तिच्याशी मी एकदाही खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "बहीण."

"बहीण?" ती म्हणाली. "मग तर तुम्हीच झालात."

तिने दोरा दातांनी तोडला आणि दुसरा पडदा घेतला. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. कुणी बसा म्हटलं नाही. आयुष्यभर लोकांना बसा म्हणत आले, त्या दिवशी मला कळलं की उभं ठेवलेल्या माणसाला कसं वाटतं.

पण या पत्राचं कारण ते नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय उघडायच्या आधी आले. झाडणारी माणसंही यायची होती. यंत्राचा आवाज अगदी कमी केला आणि समोर उभी राहिले. प्रश्न विसरायचे असा आपला नियम, पण विसरायचं म्हणजे सांगायचं नाही. डोकं कुठे फाडता येतं? त्या दोन महिन्यांत आलेली माणसं मी एकेक करून आठवली. त्यांचे प्रश्न विचारले नाहीत, नुसते विषय विचारले, कुणीही वाटसरू विचारेल तसे. आणि यंत्र एकेकाला माझ्यासमोर उभं करत गेलं. नोकरी गेल्याचं घरी न सांगता रोज डबा घेऊन वाचनालयात येणारे गृहस्थ. मुलाच्या फिट्सबद्दल विचारणारी सून, जिला सासरी कळू द्यायचं नव्हतं. अक्षरओळख नसलेला, आणि तसं सांगायला तीन वेळा येऊन परत गेलेला गवंडी. "आधी बसा. असंच एका बाईंनी विचारलं होतं." "हं, बघू या. असेच एक गृहस्थ होते." सगळे होते. मी ज्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या ते सगळे आत धडधाकट बसलेले. जसंच्या तसं गेलं होतं, तू म्हणालीस तसंच. तू ऐकलं नाहीस हेही मला जवळजवळ पटलं.

मग मला तुझी आठवण झाली.

तू जायच्या आदल्या आठवड्यातली ती दुपार. दालन रिकामं होतं. तू स्टुलावरून उठलीस, टेबलाला वळसा घालून आलीस आणि समोरच्या खुर्चीत बसलीस. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी म्हटलं, "आधी बसा, मग सांगा," आणि तू हसली नाहीस. तू वाचकासारखं विचारलंस, दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं. मला कळलं की ते तुझंच आहे. पण तू त्या खुर्चीत होतीस, म्हणून मी "कुणासाठी?" असं विचारलं नाही. ताई म्हणून तुला जवळ घ्यावंसं वाटत होतं, तरी ग्रंथपाल म्हणून पुस्तकं काढली, कुठे जायचं ते सांगितलं, पाणी दिलं. चिठ्ठी तुझ्यासमोर फाडली. त्यानंतर आपण त्यावर कधीही बोललो नाही. तू काय विचारलंस ते मी या कागदावरही लिहिणार नाही. तुझ्या नवऱ्यालाच काय, तुलाही ते पुन्हा माझ्या तोंडून ऐकू येणार नाही.

फोन तेव्हाही शिक्क्यांच्या डब्याला टेकलेला होता.

म्हणून मी तो विषय यंत्राला विचारला. नुसता विषय, दुरून. आणि धाकटे, ते बदललं. "आधी बसा" नाही. "असंच एका बाईंनी" नाही. माझा एक शब्द नाही. छापील पुस्तकातले चार कोरडे परिच्छेद म्हणून दाखवले आणि शेवटी म्हणालं, "अधिक माहितीसाठी संदर्भ विभागात विचारा."

बाकी सगळे आत आहेत. तू एकटीच तेवढी आत नाहीस. तेवढं रेकॉर्डिंग तू आधीच बंद केलंस की नंतर शोधून पुसलंस, ते तुझं तू जाण. दोन्हींचा अर्थ एकच. त्या खुर्चीत बोललेलं बाहेर गेलं तर काय होतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. कल्पना नव्हती म्हणे! आपला तो बाब्या आणि शिंपिणीचं ते कार्टं?

मूर्खपणा माफ करायची तयारी मी दोन दिवस करत होते. ती मेहनत वाया गेली. केसाने गळा कापलास तू माझा, आणि वर कौतुकाचं पान जोडलंस.

यंत्राच्या या प्रकाराबद्दल या आठवड्यात ग्रंथालयाची चौकशी समिती बसते आहे. मला विचारतील. मी तुझं नाव सांगणार आहे.


४ एप्रिल

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून तसंच सुरू करते.

समितीत तू पडद्यावर होतीस, पण तुला तिथून सगळी खोली दिसत नव्हती, म्हणून सांगते. अध्यक्षबाई, साहेब, आणि कोट घातलेला तुमच्या कंपनीचा वकील. माझी खुर्ची भिंतीला लावलेली होती, टेबलापासून लांब. मी सांगितलं की माझ्या धाकट्या बहिणीने मला न विचारता, वाचकांना न विचारता हे केलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मग तू बोललीस. छान बोललीस. मोठ्या बाईंचा उल्लेख केलास, आवाज भरून आणलास, आणि तेच तिसरं पान म्हणून दाखवलंस. मी काहीच ऐकलं नाही, मला कल्पना नव्हती.

"तिला कल्पना होती," मी म्हटलं.

अध्यक्षबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं आहे. जाणूनबुजून केलं असं दिसलं तर आजच्या आज यंत्र बंद करता येईल. तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

मी पडद्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतीस. घाबरली नव्हतीस तू. मी इतका वेळ तेच शोधत होते, निदान भीती तरी. ती नव्हती. परीक्षेचा पेपर आधीच हाती लागलेल्या मुलीसारखी तू शांत होतीस.

कारण पुरावा एकच होता, ते चार कोरडे परिच्छेद. ते का कोरडे आहेत हे सांगायचं तर त्या खुर्चीत कोण बसलं होतं आणि काय विचारलं होतं, हे सांगावं लागलं असतं. आणि मी ते सांगणार नाही याची तुला खात्री होती. तू तुकडे बघितले होतेस.

माझ्या विश्वासूपणावर तू पैज लावलीस. जिंकलीस. जगात माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवला नसेल, आणि तो असा वापरलाही नसेल.

"पुरावा नाही," मी म्हटलं.

मग वकिलाने तोड काढली. ती तोड तुझी होती हे मला त्याच्या वाक्यरचनेवरून कळलं. टेबलावरच्या कर्मचारी बाईंनी रेकॉर्डिंगला संमती दिली होती असं लिहून दिलं, तर तीच संमती आता मागे घेता येते, आणि मग कंपनी ते सगळं बोलणं लगेच पुसून टाकायला बांधील आहे. संमती नव्हतीच असं म्हटलं, तर तो वाद. वाद मिटेपर्यंत यंत्र सगळ्या शाखांत बोलत राहणार. म्हणजे मी खोटं लिहून दिलं तरच वाचक वाचतात. आणि तूही वाचतेस, पण त्यात योगायोग नव्हता.

मी लिहून दिलं. संदर्भ विभागाची प्रमुख या नात्याने वाचकांचं बोलणं नोंदवायला मी संमती दिली होती. सही केली. साहेब म्हणाले, "मोकळं झालं एकदाचं." अध्यक्षबाईंनी मला पाणी दिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. चांगल्या ग्रंथपाल झाल्या असत्या.

त्याच दिवशी सगळं पुसलं. मी स्वतः पुन्हा एकेक विषय विचारून पाहिला. डबेवाले गृहस्थ नाहीत, सून नाही, गवंडी नाही, शिंपीण नाही. "आधी बसा" पण गेलं. यंत्र आता सगळ्यांशी तसंच बोलतं, जसं तुझ्या विषयावर बोललं होतं. पंख्याचं वाक्यही गेलं. त्याची मात्र मला जराशी चुटपुट लागली.

संमतीचा कागद साहेबांनी दालनातल्या फळ्यावर लावला आहे. वाचकांना कळायला हवं म्हणतात. डबेवाले गृहस्थ परवा तो वाचत उभे होते. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि डबा घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. शिंपिणीचं दुकान वकीलबाईंनी उघडवून दिलं, दोन मशिनी मिळाल्या, तिसरी नवऱ्याने आधीच विकली होती. हे मला किराणावाल्या बाईंकडून कळलं. शिंपिणीनेही कागद वाचला असणार. "मग तर तुम्हीच झालात" असं ती म्हणाली होती, ते आता कागदोपत्री खरं झालं.

संदर्भ विभाग बंद केला. मला मागच्या अंगाला बांधणीच्या खोलीत बसवलं आहे. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावते. शिपाई येऊन डिंक ढवळून देतो आणि आता "आधी बसा" म्हणत नाही, नुसता बसतो. टेबल त्यांनी नेलं. समोरची खुर्ची मात्र मी उचलून इकडे आणली.

तुझं परवाचं पत्र मिळालं. बढती झाल्याचं कळलं. तू लिहितेस, "ताई, तू मला वाचवलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही." मी तुला वाचवलं नाही. मी खुर्चीत बसलेल्या एका बाईचा प्रश्न वाचवला. ती कुणीही असती तरी हेच केलं असतं. ती तू होतीस, हा माझ्या दुर्दैवाचा भाग.

ताई म्हणून मला यापुढे लिहू नकोस, भेटायला येऊ नकोस, आईच्या कपाटाच्या वाटण्या काढू नकोस. हवं ते सगळं घेऊन जा. पण कधी रात्र सरेनाशी झाली आणि कुणालाच विचारता येणार नाही असं काही विचारायचं असलं, तर ये. बांधणीची खोली, मागच्या दाराने. वाचकाला मी कधी परत पाठवलं नाही, तुलाही पाठवणार नाही. आधी बस. मग सांग. चिठ्ठी समोर फाडीन.

ग्रंथपाल